उरलेली सायकल नको

मुलगी आठवीत गेली, शाळा लांबची झाली, की घरात सायकलीचा विषय निघतो. बाबा दुकानात जाऊन येतात, नाहीतर मामा घेऊन येतो. गुलाबी किंवा जांभळा रंग, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. दहावी-बारावीपर्यंत ती सायकल चालते. मग कॉलेजसाठी एसटी किंवा स्कूटी, मग लग्न. सायकल भंगारात. त्यानंतर बाईच्या आयुष्यात सायकल पुन्हा आलीच, तर ती "जरा वजन कमी कर" म्हणून येते, आणि बहुतेक वेळा ती मुलानं टाकून दिलेली असते.

"मुलाची जुनी पडलीय की जिन्याखाली, तीच घे!" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या घरांत ऐकलं, की आता ते मला पाठ झालंय. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पैसे वाचतात, वस्तू वाया जात नाही. पण मैत्रिणींनो, शेवटची करपलेली पोळी आपल्याच ताटात का येते, याचा विचार आपण कधी केला नाही, तसाच याही वाक्याचा करत नाही.

आधी जरा संदर्भ सांगते. मी मुळशी तालुक्यात राहते, बचत गटांच्या कामानं पौड, पिरंगुट, माले अशी गावं फिरत असते. आमच्या ओळखीतल्या आम्ही सात जणींनी ठरवलंय, की पाऊस संपला, रस्त्याकडेचं शेवाळ वाळलं, की सायकलनं समुद्रावर जायचं. पौडहून निघायचं, मुळशी धरणाच्या पाण्याकडेनं ताम्हिणी गाठायचं, घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव. तिथं रात्रीचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी म्हसळा करत दिवेआगर. अंतर साधारण सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटर. पुण्याच्या सायकलवाल्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही, ती दर रविवारी आमच्या दारावरून सुसाट जातात. पण आमच्यातली सगळ्यांत लहान अडतीस वर्षांची, आणि सगळ्यांत मोठीला नातू झालाय.

घरच्यांची परवानगी, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, हे सगळं सुटत गेलं. अडलं ते "कुठली सायकल?" या प्रश्नावर. आणि तिथंच मला कळलं, की हा प्रश्न नुसता सायकलीचा नाही.

सात जणींपैकी चौघींना घरातून जुनी सायकल मिळाली. त्यातली एक खरोखर बरी निघाली. मुलीची होती, आई आणि मुलगी एकाच उंचीच्या, प्रश्नच मिटला. जुनी म्हणून वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण दुसरीला मिळाली ती पावणेसहा फुटी मुलाची. ही बाई पाच फूट एक इंच. सीट अगदी खाली केली तरी हँडल लांबच. पाच-सहा वेळा तिनं पिरंगुटपर्यंत चालवली. हाताला मुंग्या, मान आखडलेली, घरी आल्यावर कंबर धरून बसलेली. घरचे काय म्हणाले? "आता वय झालं, तुला नाही झेपणार." सायकल मोठी आहे, असं कुणीच म्हणालं नाही! तिलाही ते पटलं, आणि ती आमच्यातून गळायलाच निघाली होती.

तिसरीनं नवी घ्यायचं ठरवलं, तर दुकानदारानं तिच्याशी बोलण्याऐवजी तिच्या नवऱ्याशी बोलायला सुरुवात केली. शिल्लक होती ती उंच सायकल पुढे केली आणि म्हणाला, "सीट खाली करून देतो, वहिनी, सवय होईल." ब्लाउज शिवताना अर्धा इंच इकडचा तिकडे झाला तर आपण शिंप्याला दोन फेऱ्या मारायला लावतो, आणि बारा-पंधरा हजारांची वस्तू मात्र "सवय होईल" म्हणून घरी आणायची?

माझं मत असं, की लांबच्या प्रवासाला सायकल निवडताना पहिली गोष्ट बघायची ती माप. कंपनी, गिअर, रंग हे सगळं त्याच्यानंतर. कोपऱ्यावरून दूध आणायला कुठलीही सायकल चालते, दहा मिनिटांत शरीर तक्रार करत नाही. पण दिवसाला सहा-सात तास सीटवर बसायचं असेल, तर दोन बोटांचा फरकसुद्धा गुडघ्यात, मनगटात आणि मानेत उतरतो. माप घेणं अवघड नाही. सायकलचा मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभं राहायचं. दांडा आणि आपण यांच्यात निदान दोन-तीन बोटं जागा हवी. मग सीटवर बसायचं, कुणाला तरी सायकल धरायला सांगायचं आणि पायडल सगळ्यांत खाली असताना त्यावर टाच टेकवायची. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आता हँडल धरा. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. हात ताठ करून, पुढे ओणवं होऊन धरावं लागत असेल, तर ती सायकल तुमची नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. सीट खालीवर करता येते, पण सायकलचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, लहान करता येत नाही, हे दुकानदार सांगत नाही म्हणून मी सांगते.

मग "लेडीज सायकल" घ्यावी का? हा प्रश्न मला सगळ्याजणी विचारतात. लेडीज सायकलचा वाकडा, खाली उतरलेला दांडा आपल्या शरीरासाठी केलेला नाही हो, तो आपल्या कपड्यांसाठी केलेला आहे. दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायका घोळदार झगे घालायच्या, तो झगा दांड्यात अडकू नये म्हणून ही सोय. आपल्याकडे ती साडीला उपयोगी पडली. पण दांडा खाली घेतला की तेवढीच मजबुती ठेवण्यासाठी लोखंड जास्त लागतं. वजन वाढतं, आणि मागे सामान बांधलं की सायकल डुलते. सलवार किंवा ट्रॅकपँट घालून निघणार असाल तर त्या वाकड्या दांड्याची गरज उरत नाही. हां, गुडघा दुखतो, पाय मागून फिरवून चढता येत नाही, अशा मैत्रिणीनं मात्र खुशाल खाली दांडा असलेलीच घ्यावी. आमच्यातल्या आजीबाईंनी तीच घेतली आहे आणि त्या मजेत आहेत. ठरवायचं ते आपल्या गुडघ्याकडे बघून, दुकानातल्या पाटीकडे बघून नाही.

या बाबतीत मला एका बाईची गोष्ट फार आवडते. अ‍ॅनी कोपचोव्स्की तिचं नाव. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात राहणारी, तीन लहान मुलांची आई. १८९४ च्या जूनमध्ये ती सायकलवरून जगप्रवासाला निघाली. एका पाण्याच्या कंपनीनं शंभर डॉलर दिले म्हणून त्या कंपनीचं लंडनडेरी हे नावच तिनं आडनाव म्हणून लावून घेतलं! म्हणजे जाहिरातीचं तंत्र तिला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. निघताना तिला मिळाली होती लेडीज सायकल, वजन ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. अंगावर लांब झगा. सप्टेंबरात ती शिकागोला पोहोचली तेव्हा इतकी थकली होती, की नाद सोडून द्यायच्या बेतात होती. पण तिथं तिनं सायकल बदलली. पुरुषांची, २१ पौंडांची, म्हणजे बरोब्बर निम्म्या वजनाची सायकल घेतली, झगा सोडून आधी ब्लूमर आणि पुढे पुरुषी पोशाख घातला, आणि पुढचा प्रवास पूर्ण करून १८९५ च्या सप्टेंबरमध्ये परत शिकागोत आली. बरंचसं अंतर ती बोटीनं गेली, हे खरं. तिच्या थापाही पुष्कळ होत्या म्हणतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते शिकागो. बाई तीच, पाय तेच. वजन निम्मं झालं आणि "झेपत नाही" हा शब्द गेला.

याच्या अगदी उलट आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला त्यांना सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि तेव्हाच त्यांनी ठरवलं की सायकलनं भारतात जायचं. आजारी आईची सेवा करता करता तिशी उलटली. आई गेल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, त्या निघाल्या आणि युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत जुलैमध्ये दिल्लीला पोहोचल्या. सायकल पुरुषांची, साधी, भक्कम. आणि निघण्यापूर्वी त्यांनी काय केलं असेल? सायकलचे गिअर काढून टाकले! आशियातल्या रस्त्यांवर ते नाजूक यंत्र टिकणार नाही आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा भेटणार नाही, असा त्यांचा हिशोब. एकीनं हलकी घेतली, दुसरीनं गिअरच काढले. दोघींचं बरोबर होतं, कारण दोघींनी आपला रस्ता आणि आपलं अंग बघून ठरवलं. मर्फीबाई २०२२ मध्ये वारल्या, तोवर पुष्कळ देश फिरून आणि पुष्कळ पुस्तकं लिहून झाली होती.

पण आज आपण गिअर काढायचे का? मुळीच नाही! साठ वर्षांत गिअर सुधारले आणि दुरुस्त करणारेही वाढले. आमच्या भागात तर गिअरशिवाय निघणं म्हणजे उगाच हाल. ज्यांना गिअरचं गणित समजत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढच्या चकतीला साधारण ४४ दात असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीला ठीक, पण चढाला एका फेऱ्यात अडीच वेळा चाक फिरवायला पायात ताकद हवी, म्हणून आपण उतरून ढकलत नेतो. चढासाठी उलट हवं. पुढची चकती लहान, मागची मोठी. दोन्हीकडचे दात सारखे झाले, समजा २८ ला २८, तर एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं. वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त, पण दम लागत नाही. मागची चकती पुढच्यापेक्षाही मोठी असली तर सामानासकट चढ चढता येतो. म्हणून दुकानात "एकवीस गिअर आहेत, चोवीस गिअर आहेत" हे ऐकून भुलू नका. पुढची सगळ्यांत लहान आणि मागची सगळ्यांत मोठी चकती किती दातांची, एवढंच विचारा. विचारल्याबरोबर दुकानदार तुमच्याशी बोलायला लागतो, नवऱ्याशी नाही, हा माझा अनुभव.

ताम्हिणीकडे जाताना चढ तसा मोठा नाही, मुळशीच्या पाण्याकडेनं रस्ता वरखाली वरखाली करत जातो. पण त्या वरखालीनंच जास्त दमायला होतं. आणि घाटमाथ्यावरून, सहाशे मीटरच्या आसपास उंचीवरून, कोकणात उतरायचं म्हणजे खरी परीक्षा ब्रेकची. तिथं मी फार आग्रही आहे. रबराचे ब्रेक असोत की डिस्कचे, दोन बोटांनी दाबल्यावर सायकल थांबली पाहिजे. बायकांचे हात लहान, कित्येक सायकलींचे ब्रेकचे दांडे आपल्या बोटांच्या टप्प्यातच येत नाहीत. तो दांडा स्क्रूनं आत घेता येतो, दोन मिनिटांचं काम असतं, सांगून करून घ्यायचं. ब्रेक सतत दाबून धरला तर रबर आणि रिम तापतात, म्हणून थोडं दाबायचं, थोडं सोडायचं, मध्ये थांबायचं. भर पावसात डिस्क ब्रेक चांगले. पण ताम्हिणीत भर पावसात जायचंच कशाला? ते धबधबे, ती गर्दी, त्या मोटारी... नकोच.

टायरबद्दल थोडक्यात. रेसिंगच्या सायकलीचे बोटभर टायर आमच्या खड्ड्यांना उपयोगाचे नाहीत, आणि डोंगरात चालवायच्या सायकलीचे जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर नुसते घरघर करत ताकद खातात. मधले, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, कमी खाचांचे बरे. पुढे स्प्रिंगवाले शॉकअप असले की सायकल भारदस्त दिसते, मुलांना तर तेवढंच दिसतं. पण स्वस्तातले शॉकअप वजन वाढवतात आणि चढाला उभं राहून पायडल मारलं की आपली ताकद त्या स्प्रिंगमध्येच जिरते. ट्यूबचा व्हॉल्व्हही बघून घ्या. मोटारसायकलसारखा असला तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक सुईसारखा असला तर नाही. माणगावच्या वाटेवर ही गोष्ट फार मोठी ठरते.

आणि सीट. हा विषय आपण कुजबुजत बोलतो, म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलते. बायकांची ओटीपोटाखालची बसायची हाडं पुरुषांपेक्षा साधारण जास्त अंतरावर असतात, त्यामुळे मुलाच्या सायकलची अरुंद सीट टोचते. म्हणून मग आपण काय करतो? गादीसारखी जाड, मऊ सीट बसवून घेतो. तासाभरानं ती गादी दबते आणि नको तिथं जास्त घासते. लांबच्या प्रवासाला सीट थोडी रुंद, पण टणकच हवी, आणि आतून पॅड असलेली सायकलची पँट घालायची, वरून सलवार किंवा ट्रॅकपँट. पहिल्या आठवड्यात थोडं दुखतं. पण जखम झाली, बधिरपणा आला, तर सीट बदलायची, सहन करत बसायचं नाही. सहन करायचं शिक्षण आपल्याला आधीच भरपूर झालंय.

सामान पाठीवर घ्यायचं नाही. पाठीवरचं ओझं शेवटी सीटवर आणि मनगटावरच येतं. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या लावायच्या, म्हणजे वजन खाली राहतं. म्हणून सायकल घेतानाच मागे कॅरिअर बसवायला भोकं आहेत ना, हे बघायचं. महागड्या सायकलींना ती नसतात, ही गंमतच! आमच्यातल्या एकीनं दुकानात जाताना पाच किलो तांदळाची पिशवी नेली, कॅरिअरला बांधली आणि जवळच्या चढावर सायकल चालवून बघितली. दुकानातली पोरं हसली. तिनं तिसरी सायकल पसंत केली.

या सगळ्याला पैसे किती? साधी, मजबूत, गिअरची, अशा प्रवासाला पुरेल अशी सायकल साधारण पंधरा ते तीस हजारांत मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, तेवढाच दिलासा. लाखभराच्या सायकली असतात, त्या आपल्याला लागत नाहीत. कार्बनची फ्रेम तडकली तर आमच्याकडचा कुणी ती जोडू शकत नाही, लोखंडाची मात्र गावातला वेल्डिंगवालासुद्धा जोडून देईल. बावधन-कोथरूडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेल्या कितीतरी सायकली धूळ खात उभ्या आहेत. तशी एखादी मापाची मिळाली तर सोनं. चाक फिरवून आउट आहे का बघा, फ्रेमला जोडांपाशी तडा नाही ना बघा, चेन आणि ब्रेकची रबरं बदलण्याचा खर्च धरा.

आमच्यातल्या दोघींनी लाडकी बहीण योजनेचे जुलै २०२४ पासूनचे हप्ते साठवले. त्यावर घरात नाराजी झाली, लपवत नाही. "एवढ्या पैशांत फ्रिज आला असता." आला असता, खरं आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण ज्या घरात फ्रिज नाही तिथं तो बाईचाच वेळ वाचवतो. पण त्याच घरात मुलाच्या मोबाइलच्या वेळी फ्रिजची आठवण कुणाला झाली नव्हती, एवढंच मी त्या सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला चहा दिला, उत्तर दिलं नाही.

मुलींच्या सायकलीचं महत्त्व आता सरकारलाही पटलंय. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, २०२२ मध्ये ती साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. चांगलंच आहे. पण बारावीनंतर? जणू बाईला जायचं ठिकाण फक्त शाळा, ती संपली की पोहोचलीच!

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीताई, हजारोंनी बायका शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काही जणींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं! कुठल्या तज्ज्ञानं हे सांगितलं असतं? ज्या बाईला मूल घेऊन शेतावर जायचंय तिलाच हे सुचणार.

आपल्याकडे सायकलीचा धंदा जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, तिथून नांगर, कारखाना, किर्लोस्करवाडी, आणि त्याच वाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं, जे आपल्या आज्या वाचायच्या. म्हणजे बायकांच्या मासिकाचं मूळ सायकलीच्या दुकानात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यातले तिघे १९२८ मध्ये पूर्ण करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली, १५९ दिवसांत. हे ऐकलं की आपण म्हणतो, ती तरुण आहे, तिचं वेगळं. तर मग पुण्याच्याच प्रीती म्हस्के बघा. चाळिशीत आजारपणातून बाहेर पडायला सायकल हातात घेतली, आणि जून २०२२ मध्ये, ४५ व्या वर्षी, दोन मुलांच्या या आईनं लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. आम्हाला ५५ तासांत दिवेआगरला पोहोचायचंय, त्यात झोप आणि दोन वेळचं जेवण धरून. एवढं जमायला हरकत नाही.

ती मोठ्या सायकलीची मैत्रीण? तिनं मुलाची सायकल विकली आणि त्यात स्वतःचे सात हजार घालून आपल्या मापाची जुनी घेतली. परवा मुळशी धरणापर्यंत जाऊन आली. हाताला मुंग्या नाहीत.

आता शेवटचं काम, जे आपण हमखास विसरतो. सायकलीला मोटारसायकलसारखं आरसी बुक नसतं. ती कुणाची, याला पुरावा म्हणजे फक्त पावती. ती स्वतःच्या नावावर करून घ्या, मिस्टरांच्या नाही. पायडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या तळाशी एक नंबर कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो वाचायचा आणि पावतीवर लिहून घ्यायचा. जुनी घेतलीत तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर नंबरासकट लिहून सही घ्या, आणि तो कागद तुमच्या बचत गटाच्या पासबुकाच्या पिशवीत ठेवून द्या.